विरजण घातलेली भिंत

सोलापुरात आता उन्हाळ्यात पंखे फिरत नाहीत, भिंती श्वास घेतात. चुन्यात कालवलेल्या सूक्ष्म शेवाळाचा थर प्रत्येक घराला आतून दिलेला असतो. त्याला लोक गारलेप म्हणतात. माणूस जिथे रोज बसतो, तिथे त्याच्या अंगाची ऊब आणि श्वासाची वाफ लेपाला जाणवते. हळूहळू त्या वेळेला तेवढ्याच जागची छिद्रं आपोआप उघडू लागतात, त्यांतून पाणी उडतं आणि ती जागा माठासारखी गार होते. सगळं घर थंड करायचंच नाही, फक्त माणसापुरती हवा. म्हणून वीज लागत नाही आणि पाणीही थोडंच पुरतं.

रेवतीच्या घरात खिडकीखालची भिंत अजूनही चहाच्या वेळी गार व्हायची. तिथे आई टेकून बसायची. आईला जाऊन पावसाळा उलटला, थंडी उलटली. भिंतीला ते कळलं नव्हतं. रेवती रोज त्या जागेसमोर बसे. जागेवर बसली असती, तर भिंत आईला विसरून तिची सवय शिकली असती.

फाल्गुनात गारलेपाच्या प्रयोगशाळेतले डॉ. शिकलगार झाकलेला डबा घेऊन आले. डब्यात विरजण होतं.

गारलेप एकाच शहरात राहिला की दोन-तीन उन्हाळ्यांत थकतो. जळगावचा लेप कोरडी झळ सोसतो, कलबुर्गीचा खारं पाणी. म्हणून सोलापूर, जळगाव, नागपूर आणि कलबुर्गीच्या प्रयोगशाळा दरवर्षी आपापल्या भिंतींचा लेप खरवडून एकत्र घोटतात आणि वाटून घेतात. दही लावायला शेजारणीकडून विरजण आणावं, तसं.

"यंदा नागपूरचं जरा जास्त पडलंय," डॉक्टर हसले. "जळगावकर म्हणतात, आता तुमच्या भिंती नागपूरकरांसारख्या दुपारी झोपा काढणार."

"डॉक्टर, एवढी एक भिंत सोडा."

त्यांनी खिडकीखाली तळहात टेकवला. "आईंची जागा?"

"हो."

"सोडली तर वैशाखात काळी पडेल, ताई. मग शेजारच्यांच्या भिंतींनाही लागेल ते."

"आणि विरजण घातलं तर?"

"सवय पेशींत असते. खरवडलेला लेप घोटणीत जातो. पेशी वाटल्या, की तीही वाटली जाते. चार शहरांत."

"म्हणजे जाईल."

"जाईल असं नाही. सापडणार नाही."

रेवतीने त्यांच्या हातातली खरवडणी घेतली आणि आईच्या जागेचा लेप स्वतःच खरवडून दिला.

नवा लेप लागल्यावर खिडकीखालची भिंत चहाच्या वेळी कोमटच राहिली. पण एका पहाटे दाराशी, अगदी जमिनीलगत, गारवा तिच्या पायांना लागला. तिथे या घरातलं कुणीच कधी बसलं नव्हतं. तिने फोन केला.

"कुणीतरी आपल्या घरी अशाच जागी निजायचं," डॉक्टर म्हणाले. "उंबऱ्यालगत, भिंतीला पाठ लावून. सवय फार पक्की असली, तर कधीकधी घोटूनही मोडत नाही."

"कोण?"

"चारांपैकी कुठल्याही शहरातलं."

"आहे की गेलं?"

"लेपावरून ते सांगता येत नाही, ताई."

फोन ठेवून ती दाराशी उभी राहिली. आई कुठल्या घरी पोचली असेल, याचा विचार तिने पुढे जाऊ दिला नाही. एवढंच वाटलं, तिथल्या कुणी तिला उठवू नये.

मग तिने चपलांचं कपाट तिथून हलवलं. आता बाहेरून येताना ती किंचित वळसा घालते. निजलेल्या माणसाला ओलांडू नये.