चौथा संगणक

संगणकांच्या जाळ्याने साऱ्या जगाचं एक घर केलं आहे. आमच्या घरात मात्र जेवणाच्या टेबलावरचा संगणक जिन्याखालच्या संगणकाला ओळख दाखवायला तयार नव्हता.

टेबलावरचा मॅक लेकीचा. ती घरांचे नकाशे काढते. सोफ्यावरचा लिनक्स जावयाचा. जावयासारखाच तोही कुणाचं ऐकत नाही. जिन्याखालचा विंडोज माझा, आणि घरातला एकुलता एक प्रिंटर त्याच्या गळ्यात.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. जिना कायमचा बंद. हॉलचं टोक अडवून तिच्यासाठी खोली करायची होती आणि गवंड्याला सकाळी छापील नकाशा हवा होता. नाहीतर तो दुसऱ्या कामावर जाणार आणि ताई वृद्धाश्रमात. वृद्धाश्रमाबद्दलचं तिचं मत एका शब्दाचं आहे. तो छापण्यासारखा नाही.

पेनड्राइव्हने काम चुटकीसरशी झालं असतं. पण जावयाच्या मते ते म्हणजे एका घरात राहून एकमेकांना टपाल पाठवणं. त्याने सामायिक फोल्डर केला. लेकीला तो दिसेना. दिसला तर उघडेना. उघडला तर वाचता येई, बदलता येईना. माझा संगणक पासवर्ड मागे, दिला की पुन्हा मागे, विसरभोळ्या पाहुण्याने चहा मागावा तसा. अख्खी दुपार यात गेली.

शेवटी नकाशा माझ्याकडे उघडला. ताईच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीपलीकडे आणखी एक लहानशी खोली होती.

"बाबा, तुम्ही काय दाबलंत?" लेक म्हणाली.

घरात काहीही बिघडलं की मीच काहीतरी दाबलेलं असतं. पण ती भिंत घराची शेवटची. तिच्यापलीकडे कुंपण आणि कुंपणाला टेकवलेली शेजाऱ्याची पंक्चर सायकल. मी खिडकीतून बघून खात्री केली. सायकल होती.

लेकीकडच्या मूळ नकाशात ती खोली नव्हती. वेगवेगळ्या संगणकांतून फिरताना थोडं इकडेतिकडे होतंच, असं जावई म्हणाला. मी म्हणालो, अक्षरं होतात, खोल्या होत नाहीत.

लेकीने ती पुसली. फाइल पुन्हा उघडली तर खोली परत आलेली, आणि आता तिला दारही होतं. ताईच्या खोलीत उघडणारं. तिने दात-ओठ खात पुन्हा पुसली. या खेपेला आत टेबल आणि खुर्चीही आली. लेक सामानसुमान करड्या सरळ रेषांत काढते. ही रेष काळी होती, आणि हाताने काढल्यासारखी किंचित थरथरलेली.

शेजारीच आपलं वायफाय चोरतोय, असं जावयाने जाहीर केलं. सायकलीवरून त्याचा राग जुनाच. त्याने जोडलेल्या संगणकांची यादी उघडली. चार होते. तीन आमचे. चौथ्याच्या नावाची जागा रिकामी.

त्याने पासवर्ड बदलला. नवा कुणालाच सांगितला नाही, मलाही नाही, बायकोलाही नाही.

"आता बघू कोण येतं."

आमच्यापैकी एकाचाही संगणक जोडला जाण्याआधी चौथा यादीत हजर होता.

लेकीने गुपचूप पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

त्यातून आलेल्या नकाशात ती खोली नव्हती. तोच छापला. सामायिक फोल्डर जावयाने स्वतःच्या हाताने काढून टाकला. लग्नानंतर त्याने प्रथमच माघार घेतली.

गवंड्याचं काम वेळेत झालं. उत्तरेची भिंत ठोकून बघ, असं मी त्याला सांगितलं. भरीव आहे, म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

ताई आली. तिचा पलंग त्याच भिंतीला लागून.

पहिल्या सकाळी मी चहा घेऊन गेलो आणि झोप लागली का, विचारलं.

"लागली रे. पलीकडच्या बाई फार शांत आहेत."

मी खिडकीतून पाहिलं. कुंपण होतं. सायकल होती.

ताईने चहात बिस्कीट बुडवलं.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण फोल्डर दिसतोय म्हणाल्या, प्रिंटर दिसत नाहीये. तेवढं जरा बघ ना त्यांचं."