मागच्या धक्क्यावर, पाच वाजता

ये, बस. त्या जाळीच्या खुर्चीत, जोळीत नको, तिचा दोर कुजलाय, आपटशील. इथं पेटीवर बस. मस्कतहून आलास म्हणतोस ना? मग ऐकच. तुझी बोट सुटायला अजून दीड तास आहे आणि माझ्याकडे तुमच्या मस्कतच्याच एका पोरीची गोष्ट आहे. सगळी डोळ्यांनी बघितलेली. हे माशाचे गोळे, गुल्हा, खा गरम आहेत तोवर. मी बोलत राहतो.

मी आदम मानिकू. मालाची बोट चालवतो. सकाळी मालेहून भाजी, बर्फ, पाण्याच्या बाटल्या घेऊन नुसतं एक हॉटेल असलेल्या त्या पाहुण्यांच्या बेटावर जायचं, संध्याकाळी रजेवर निघालेली तिथली कामाची माणसं घेऊन परत यायचं. तीस वर्षं हेच. घरात मी आणि माझा भाचा शिफाझ. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याकडे. आता मालेतल्या ऑफिसात बसून त्याच बेटाच्या खोल्यांचं बुकिंग घेतो. गंमत बघ, त्यातल्या एकाही खोलीत एक रात्र तो झोपलेला नाही. आणि तिकडे मस्कतच्या रुवीतल्या ट्रॅव्हल ऑफिसात झुवैना, तीच ती पोरगी. ती सहा वर्षं लोकांना इथं धाडायची, पण हे पाणी तिनंही बघितलं नव्हतं.

तुमच्याकडच्या लोकांचं एक बरं आहे. लांबचा प्रवास नको, चार दिवस पुरे, चार तासांत पोचलं पाहिजे. समुद्र दारात आहे, पण दुसऱ्याचा निळा बघायचा असतो.

तर एक दिवस शिफाझच्या ऑफिसात झुवैनाचा फोन वाजला. शिफाझ नवाच होता कामावर.

"पाण्यावरच्या खोलीतून समुद्रात उतरायला पायऱ्या किती?"

"असतील सात-आठ…"

"असतील? माझं गिऱ्हाईक बहात्तर वर्षांचं आहे. त्यांच्या गुडघ्यांना काय सांगू, असतील म्हणून?"

दुसरा कोणी असता तर थाप मारून मोकळा झाला असता. हा म्हणाला, उद्या सांगतो. संध्याकाळी माझ्यापुढं उभा. "मामा, उद्या पायऱ्या मोजून ये."

"मी भाजीवाला. मला कोण जाऊ देतंय पाहुण्यांच्या बाजूला?"

"खोल्या झाडणारी पोरं तुझीच आहेत ना सगळी?"

ते खरं होतं. रिकाम्या खोलीत त्यांनी मला गुपचूप सोडलं. मी मोजल्या. अकरा. खालच्या तिन्हींवर शेवाळ, डावीकडचा दांडा हलतो. शिफाझनं तिला हे असंच्या असं सांगितलं, दांड्यासकट.

मग ती म्हणाली, "तुमचा मॅनेजर ऐकतोय का?"

"नाही."

"मग ठीक. दांडा हलतो म्हणून सांगणारं ऑफिस मला सहा वर्षांत भेटलं नाही. नाव काय म्हणालात?"

झालं. तिथून माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. रोज एक प्रश्न. पहाटेचं ऊन थेट बिछान्यावर येतं का? झोपल्यावर पाय मक्केकडं तर होत नाहीत? बाईमाणसाला कुणाच्या नजरेला न पडता पोहता येईल अशी खोली कुठली? पायांचं बघायला मी त्या पांढऱ्या गादीवर आडवा झालो. पोरांनी खाली टॉवेल अंथरला होता, नाहीतर गादीला मासळीचा वास. हसू नको, पायांची दिशा बरोबर निघाली.

रात्रीच्या विमानानं सकाळी उतरा, कारण पाण्यावरचं विमान अंधार पडला की उडत नाही… हे सगळं तिला पाठ झालं. तरी फोन थांबेनात. दोघं इंग्रजी-अरबीची खिचडी करून बोलायची. तुम्हीचं तू कधी झालं, ते मला माझा चहा पिता पिता कळलं.

एकदा शिफाझ म्हणाला, "मामा, त्या झावळ्यांच्या छपरावर पावसाचा आवाज कसा येतो?"

"हा कुठल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न?"

"आहे एक."

"नाव?"

"मामा, चहा पी."

मी चहा प्यालो. दोन दिवसांनी पाऊस आला तेव्हा त्या पोरांच्या झोपडीत छपराखाली फोन धरून मुकाट बसलो. पंधरा मिनिटं. बाहेर माझा बर्फ वितळत होता. तो आवाज त्यानं तिला पाठवला. तिनं ऑफिसात चारदा ऐकला, हे पुढं तिनंच सांगितलं. तुमच्याकडं पाऊस म्हणजे पाहुणाच.

दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी तिचा निरोप आला आणि शिफाझ जेवला नाही. तिच्या बाबांचा जुना सोबती आहे तुमच्या सूर बंदरात, त्याच्या मुलासाठी मागणी आली होती. शुक्रवारी बाबा शब्द देणार होते. ती म्हणाली होती, "मुलगा वाईट नाही. पण मी त्याला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही."

आणि त्याच आठवड्यात बेटाच्या मालकांनी आखाती ऑफिसांतल्या लोकांना चार दिवस बेट बघायला बोलावलेलं. दरवेळी ती दुसऱ्या कुणाचं नाव पाठवायची. या वेळी स्वतःचं घातलं.

"गुरुवारी सकाळी माझं परतीचं विमान," तिनं शिफाझला सांगितलं. "शुक्रवारी बाबांचा शब्द. त्याआधी तुला एकदा डोळ्यांनी बघायचंय. बुधवारी संध्याकाळी तेवढी मोकळी आहे."

"मागच्या धक्क्यावर ये. माल उतरतो तिथं. पाहुणे कोणी येत नाहीत तिकडं."

"किती वाजता?"

"पाच."

"पाच," ती म्हणाली.

बुधवारी शिफाझ रजा काढून माझ्या बोटीत बसला. इस्त्रीचा शर्ट, कांद्याच्या पोत्यांमध्ये. माल उतरवून झाला. परत यायला बेटाच्या धोबीखान्यातली अरीफा आणि रजेवरची आठ-दहा माणसं धक्क्यावर येऊन बसली. अरीफा म्हणजे तोंडाचा पट्टा.

"आदमभाई, आज भाजीच्या बोटीला नवरदेव कसला बांधून आणलात?"

"गप बस."

"मी गप बसते. तुमचा भाचा कधी बसणार? उभा राहून राहून शर्टाची घडी मोडतोय."

तो आला तेव्हापासून वाटेकडं बघत उभा. पाचाचे सव्वापाच झाले, साडेपाच झाले. ती नाही. चारदा फोन लावला, बंद. पाहुण्यांच्या बाजूला जायची सोय नव्हती. ऑफिसचा माणूस तिकडं दिसला असता तर नोकरी गेलीच. मला अंधाराआधी मालेत शिरायचं होतं, कारण मधल्या वाटेत पाण्याखाली खडक आहे आणि तो रात्री कुणाला ओळख देत नाही.

"शिफाझ, चल आता."

तो हलेना. नुसतं म्हणाला, "आली नाही, मामा." मला वाटतं मी त्याचा तो आवाज बहिणीच्या मयतीनंतर पहिल्यांदा ऐकला.

मी दोरी सोडायला वाकलो, तेवढ्यात अरीफा म्हणाली, "कुणाचे पाच सांगितलेस रे तिला?"

"कुणाचे म्हणजे?"

"म्हणजे बेटाचे की मालेचे?"

आता तुला सांगतो. त्या बेटावरचं घड्याळ मालेच्या एक तास पुढं असतं. पाहुण्यांना उजेड जास्त मिळावा म्हणून मालकांनी तसं ठेवलंय. माझ्या बोटीवर मालेचंच घड्याळ. इंजिनाला काय पाहुण्यांचं कौतुक.

"बेटाचेच," शिफाझ म्हणाला. "ती बेटावर आहे, तर तिचेच धरायचे ना."

"आणि तिला ठाऊक नाही का तू मालेत राहतोस ते? ती तुझे धरून बसली असेल."

रजेवर निघालेल्या एका स्वयंपाक्यानं मान हलवली. "बायका घड्याळ बघतच नाहीत. ती यायचीच नाही."

"तुझी आली नसेल," अरीफा म्हणाली. "आदमभाई, आता बेटाचे साडेपाच म्हणजे तुमचे साडेचार. पाच वाजेपर्यंत थांबा."

"खडक?"

"खडक कुठं पळून जातोय?"

मग एकच कल्ला. कुणाला पोरं बघायची होती, कुणाला पुढची बोट धरायची होती. मी म्हटलं, ज्याला घाई आहे त्यानं पोहत जावं. गप्प झाले. स्वयंपाकी पण. खरं सांगू, त्यांनाही बघायचंच होतं.

माझ्या घड्याळात पाचाला तीन मिनिटं होती. नारळांमधून काळा अबाया दिसला. भराभरा नाही, नीट चालत आली, हातात चपला. धक्क्यावर दहा-अकरा माणसं तिच्याकडं टक लावून. ती थांबली. शिफाझचा फोटो तिनं कधी मागितला नव्हता, यानं पाठवला नव्हता.

"यात शिफाझ कोण?"

फोनवर तासन्‌तास बोलणारा माझा वाघ नुसता उभा.

"एखादा शब्द तरी बोला," ती म्हणाली. "आवाज ओळखीन मी."

"त्या… त्या फळीवर पाय देऊ नको. उचकटलीय ती."

ती फळीकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं. आणि हळूच हसली. "हाच."

मनगट पुढं करून तिनं घड्याळ दाखवलं. "एक तास मागं करून ठेवलंय सकाळपासून. तुझे पाच."

"मी तुझे पाच धरले. फोन का बंद?"

"दुपारी मासे बघायला नेलं सगळ्यांना. फोनही बघून आला पाण्याखाली."

दोघं बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यांवर बसली. मधे एक खोकं सोडून. आम्ही सगळे समुद्राकडं तोंड करून, कान मात्र मागं; बोलणं इंग्रजीत, तेवढं बेटावर सगळ्यांना येतं. पावसाची सर आली. आम्ही ताडपत्रीखाली शिरलो, ती दोघं तशीच. तिनं तळहात पुढं धरला, थेंब साठू दिले…

"एक बुकिंग करायचंय," ती म्हणाली.

"बोल."

"गिऱ्हाईक एकच. मुक्काम लांबचा."

"किती रात्री?"

"ते मोजून सांगता येणार नाही."

पाऊस त्याच्या इस्त्रीवर. मग तो म्हणाला, "दोन खोल्या आहेत. एकीत मामा घोरतो. खिडकीतून समुद्र दिसत नाही, शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते. दुपारी मासळीचा वास येतो, रात्रीही येतो. मला राग उशिरा येतो पण आला की दोन दिवस राहतो. आणि मला पोहायला नीट येत नाही, हे कुणाला सांगू नको."

"सांगितलंस की सगळ्या बोटीला. आणि चांगलं काय?"

आता बोल ना लेका. पण नाही. बसला कॉलर सारखी करत.

ताडपत्रीखालून अरीफा बोललीच. "बाई, तो शर्ट त्यानं स्वतः धुतलाय. कॉलर बघा. मी तेवीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय, मला कळतं."

झुवैनानं कॉलर बघितली. खरंच वाकून बघितली. शिफाझच्या कानापर्यंत रक्त चढलेलं मला ताडपत्रीखालून दिसलं.

"झुवैना," तो म्हणाला, "तो पावसाचा आवाज पाठवला ना… तेव्हापासून मी…"

"माहीत आहे."

"मला पुरं बोलू दे."

"बोल."

"तेव्हापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला खोली दाखवताना तुलाच दाखवतो."

तिनं मधल्या खोक्यावर हात ठेवला. यानंही ठेवला. मधे चार बोटं जागा असेल. तेवढीच राहिली. मी बघितलं म्हणजे सहज नजर गेली.

"शुक्रवारी बाबांना सांगते," उठताना ती म्हणाली.

"काय?"

"दुसरीकडं बुकिंग झालंय म्हणून."

मी भोंगा वाजवला. मग अंधारात, अगदी हळू, सगळ्यांच्या टॉर्च पाण्यावर धरून आम्ही त्या खडकाला वळसा घालून आलो. कुणी कुरकुर केली नाही. स्वयंपाकी तर गुणगुणत होता.

तिनं सांगितलं बाबांना. तीन दिवस म्हातारा बोलला नाही. मग म्हणाला, शब्द सूरवाल्यांनाही नाही आणि यांनाही नाही. आधी मी पोराची माणसं बघणार. फोनवर नाही. समोर बसून.

उद्या सकाळच्या विमानानं येतोय, मुलीला घेऊन. सूरच्या बोटींवर आयुष्य गेलं त्याचं. अरबीशिवाय शब्द येत नाही. शिफाझची माणसं म्हणजे मी. एकटाच. मी शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं दीड मासे धरण्यात. पोराला अरबी येते. पण त्याच्याच लग्नाचं बोलणं त्यालाच कसं सांगायला लावू? बरं दिसत नाही.

तुला येते ना, मस्कतला राहतोस म्हणजे? मग एवढंच शिकव. "माझ्या घरात देण्यासारखा हा एकच आहे, आणि मी तुमची मुलगी मागतोय." हे मानानं कसं म्हणतात तिकडं? हळू सांग. मी पाठ करतो. चुकलो तर परत सांग.