गाठीशेजारचा तुकडा

जुन्या जालन्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मुकुंद सव्वीस वर्षं एकच काम करत आला होता. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्रावर त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवायचे. पुढचं बघणं डॉक्टरांचं.

मार्चमध्ये डॉक्टर स्वानंदनं अभ्यासासाठी नवी अँटिबॉडी मागवली. बर्फात घालून आलेली, बोटाच्या पेराएवढी बाटली. स्वानंद वयानं पोरासारखा, मुकुंदला काका म्हणायचा.

"काका, प्रत्येक पेशीत जुनी प्रोटीनं कापून टाकणारं एक यंत्र असतं," त्यानं चहा पिता पिता सांगितलं. "शत्रूची चाहूल लागली की पेशी त्या यंत्राचं पातं बदलते. ही अँटिबॉडी फक्त त्या नव्या पात्याला चिकटते. चिकटली तिथं तपकिरी रंग, बाकी सगळं निळं. तुलनेला एखादा निरोगी तुकडा द्या ना जुन्यातला. तो निळाच यायला पाहिजे."

मुकुंदनं कपाटातून काढून दिला तो अरुंधतीचा. स्तनातल्या गाठीशेजारचा निरोगी तुकडा, सहा वर्षांपूर्वीचा. ठोकळ्यावर नुसता नंबर असतो. ही आपली बायको, हे तो बोलला नाही. ती गेल्यावर तिच्या साड्यासुद्धा अंतरानं, लेकीनं, पुण्याला नेल्या होत्या. जालन्यात तिचं एवढंच उरलं होतं.

पहिल्या काचेवर काठाला पाच-सहा तपकिरी ठिपके आले.

"धुण्यात गडबड झाली असेल. परत करू," स्वानंद म्हणाला.

दुसऱ्या खेपेला ठिपक्यांचा पट्टा झाला. तिसऱ्या खेपेला तो पट्टा आत सरकला.

"असं होत नसतं, काका. मेणातला तुकडा मेलेला असतो. त्यात नवं काही तयार होत नाही."

मुकुंदनं काच पुसून खोक्यात ठेवली. पण त्या संध्याकाळी घरी जाताना, किती दिवसांनी, त्याला हलकं वाटलं. ती अजून लढत होती. कुठंतरी, काहीतरी, अजून चालू होतं.

मग तो रोज दुपारी सगळे जेवायला गेले की एक काप काढून रंगवू लागला. प्रत्येक कापासरशी ठोकळा झिजत होता, हे त्याला कळत होतं. तरी हात थांबत नव्हता.

लॅबची झाडलोट करणारी दैवशाला एकदा दारात उभी राहिली. "काका, डबा तसाच हाय तुमचा. अन् कुणाशी बोलून राह्यल्ता?"

"कुणाशी नाही."

"म्या ऐकलं की. 'आज कसंय' म्हणून इचारलं तुम्ही."

एप्रिलमध्ये एका लग्नासाठी तो तीन दिवस भोकरदनला गेला. परत आला तर स्वानंद खुशीत होता. "काका, मीच काप काढले. बिलकुल निळे. चूक सापडली म्हणायची."

त्याच दुपारी मुकुंदनं काप काढला. निम्मा तपकिरी.

स्वानंदनं रसायनं बदलली, नवी बाटली मागवली. दोघांचे काप एकाच ताटलीत, एकाच वेळी रंगवले. त्याचे निळे. मुकुंदचे तपकिरी.

"तुमच्या हाताला काय लागलंय, काका?" स्वानंद हसला. मग हसायचा थांबला.

मुकुंद काचा उजेडाला धरून बघत राहिला. रंग नेहमी एकाच बाजूनं आत शिरत होता. यंत्रासमोर तो जिथं बसायचा, त्या बाजूनं.

शत्रूची चाहूल लागली की, असं स्वानंद म्हणाला होता.

त्याला खुर्चीत बसवेना. सहा वर्षांपूर्वी तिचा कॅन्सरचा रिपोर्ट सगळ्यांत आधी त्याच्याच हातात पडला होता. अंतराचं लग्न चाळीस दिवसांवर होतं. "काय आलं हो?" अरुंधतीनं दारातच विचारलं होतं, हातात मेंदीची वाटी. "काही नाही. साधी गाठ," तो म्हणाला होता. चाळीस दिवस तो कागद त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवला. ऑपरेशन लग्नानंतर झालं, तोवर उशीर झाला होता. पुढं तिनं एका शब्दानं कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, तिला कळलंच नाही.

त्यानं स्वानंदला सगळं सांगितलं. ठोकळा कुणाचा, ड्रॉवर, चाळीस दिवस. स्वानंदनं ठोकळा हातात घेऊन उरलेला तुकडा बघितला.

"एकच काप निघेल आता," तो म्हणाला. "मी काढतो. तुम्ही बाहेर थांबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंद जिन्यात बसून राहिला. खाली रस्त्यावर ऊन रणरणत होतं. साडेतीनला आतून हाक आली.

"या काका. निळा आहे. सगळा निळा."

मायक्रोस्कोपचा कॅमेरा लावून स्वानंदनं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं होतं. मुकुंद दारातून आत आला. निळे, शांत ठिपके, पहाटेच्या आभाळासारखे. त्याचे डोळे भरून आले. तो टेबलाकडे निघाला.

पडद्याच्या डाव्या कडेला एक पेशी तपकिरी झाली.

दार डावीकडे होतं.

मग तिच्या शेजारची. मग रांगच्या रांग.

"रंग पक्का झालाय," स्वानंद पुटपुटला. "वर काच चिकटवलीय. हे होऊ शकत नाही."

मुकुंद जागीच थांबला. पेशी थांबल्या.

तो एक पाऊल मागं सरला. कडेचा रंग किंचित फिकटला.

आणखी एक पाऊल. पाठ दाराला टेकली.

"आता?" त्यानं विचारलं.

स्वानंदनं पडद्यावरची नजर काढली नाही. त्याचा आवाज हळू होता, जवळजवळ मायेचा.

"अजून मागं जा, काका."