सात नंबरच्या टेबलावरची बदली

तुम्ही खोटं लिहिलंत.

'इमारत तपासली, आत एकही माणूस नाही' असं लिहून खाली सही ठोकलीत, शिक्का मारलात, काचेच्या दाराला लाल कागद चिकटवलात आणि गाडीत बसून जेवायला निघून गेलात. दोनशे अकरा माणसं कामाला होती, दोनशे अकरा खाली उतरवली, असं तुमचा कागद म्हणतो. मेडिंग म्हणाली, दोनशे बारा. आणि तिचा आकडा चुकणं शक्यच नव्हतं, कारण तो दोनशे बारावा जीव तिची सख्खी धाकटी बहीण होती.

आता नीट ऐका. त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत.

मेडिंगनं अकरा वर्षं खऱ्या कॅसिनोत पत्ते वाटले. समोर माणसं बसायची. पत्ता हातात आला की दोन्ही अंगठ्यांनी त्याचा कोपरा इतका हळू वाकवायची की बघणाऱ्याला घाम फुटावा. नको असलेला ठिपका उडून जावा म्हणून त्यावर फुंकर मारायची. जिंकली की तिच्या नावानं ओरडायची, हरली की तिच्या आईचा उद्धार करायची. मग हळूहळू ती माणसं फोनमध्ये गेली. कॅसिनोतली टेबलं उचलली आणि पारान्याकेला, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर मांडली. खिडक्या बुजवल्या. टेबलासमोर खुर्च्यांच्या जागी कॅमेरा आला. मेडिंग तिथं गेली आणि गावाकडून धाकट्या बहिणीला, निंगलाही, तिनंच बोलावून घेतलं.

बाकी सगळं बदललं, एक गोष्ट बदलली नाही. बदली.

दर वीस मिनिटांनी वाटणारी बदलते. नवी मुलगी मागून येते आणि बसलेलीच्या उजव्या खांद्याला दोन बोटं लावते. बसलेली एक टाळी वाजवते, दोन्ही तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवते, म्हणजे हातात काही लपवलं नाही, आणि उठते; नवी बसते तीही तेच करते. खांद्याला बोटं लागल्याशिवाय उठायचं नाही. लघवी लागली तरी नाही, रडू आलं तरी नाही. उघडं टेबल रिकामं दिसता कामा नये. वरचा सुपरवायझर दर सोमवारी तोच विनोद करायचा, "आग लागली तरी आधी बदली, मग जिना!" आणि सगळ्या मुली दर सोमवारी त्याला मनातल्या मनात जिन्यावरून ढकलून द्यायच्या.

त्या मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला सात नंबरच्या टेबलावर निंगच्या जागी मेडिंग बसायची होती. वर येण्याआधी ती खाली तुरोन घ्यायला गेली. केळं पापुद्र्यात गुंडाळून साखरेत तळतात, ते. निंगनंच सांगितलं होतं, "मनांग, दोन आण. आणि गरम आण, मागच्या वेळसारखं चामड्याचं नको." इलोकोस भागात थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात. गाडीवर रांग होती. मेडिंगला तीन मिनिटं उशीर झाला.

त्या तीन मिनिटांत छापा घालायला तुमच्या गाड्या आल्या.

मेडिंगला फाटकातच अडवलं. हातात तुरोनची पिशवी धरून ती उभी राहिली. मुली डोक्यावर हात ठेवून ओळीनं खाली आल्या. सहावा मजला आला, स्वयंपाकघरातल्या बायका आल्या, सुपरवायझर सगळ्यात आधी आला. निंग आली नाही. मेडिंग तुमच्या माणसाला म्हणाली, "सर, माझी बहीण वर टेबलावर आहे. तिला कुणी हात लावल्याशिवाय ती उठणार नाही." तो हसला. "लावला असेल की कुणीतरी हात. गेली असेल पळून एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर."

तेव्हापासून त्रेचाळीस दिवस मेडिंग तुमच्या कचेरीतल्या बाकड्यावर बसत होती. तुरुंगाच्या यादीत निंग नाही, इस्पितळाच्या यादीत नाही, शवागारात नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी फाटकावरचा रखवालदार डोल्फो, ज्याला सगळ्याजणी कुया, म्हणजे दादा म्हणतात, तिला म्हणाला, "काय गं, निंगला दुसरीकडे नोकरी लागली आणि तू पेढा सोड, साधा पावही दिला नाहीस?"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? मी रोज तिच्याच टेबलावर खेळतो. आपल्या पोरीचा हात आहे म्हणून. नशीबवान आहे ती!" आणि त्यानं फोन पुढं केला.

निंग होती.

तीच. केस मागं घट्ट बांधलेले, खिसे शिवून टाकलेला काळा गणवेश, आठ किंवा नऊ, म्हणजे जिंकणारे आकडे, आले की डावी भुवई वर जायची ती खोड. मेडिंगनं फोन ओढूनच घेतला. "अगं पाडशील, हप्ते चालू आहेत त्याचे!" कुया ओरडला, पण तिला ऐकूच येत नव्हतं. जिवंत आहे! हसतेय! पत्ते वाटतेय!

मग तिला निंगच्या मागची भिंत दिसली. सोनेरी मासे काढलेला कागद, आणि खालच्या कोपऱ्यात तो फाटला होता तिथं चिकटवलेली चिकटपट्टी. ती पट्टी जानेवारीत मेडिंगनं स्वतः लावली होती. पट्टी तिरकी लागली म्हणून निंगनं तिला आठवडाभर चिडवलं होतं.

ती भिंत सहाव्या मजल्यावर होती. तुमच्या लाल कागदाच्या आत.

"जुनं रेकॉर्डिंग असेल," कुया म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

मेडिंग अकरा वर्षं पत्ते वाटून मुरलेली. तिनं वीस मिनिटं बघितलं. बदली आली नाही. चाळीस मिनिटं, दोन तास. बदली नाही. पडद्याच्या कडेला खेळणाऱ्यांचे संदेश वाहत होते. 'ही दमत नाही का?' 'सुट्टी द्या रे पोरीला, पण मी हरल्यावर द्या.' 'सात नंबर जिंदाबाद.' हरणाऱ्यांचे पैसे जात होते, जिंकणाऱ्यांचे येत होते. कुणाच्या खात्यातून येत होते, हे विचारायची कुणाला गरज? असल्या खेळांचं दार एका पत्त्यावर बंद झालं की दुपारी दुसऱ्या पत्त्यावर उघडतं, हे लहान पोरालाही माहीत आहे.

पैसे लावल्याशिवाय संदेश लिहिता येत नाही. मेडिंगनं पन्नास पेसो बँकरच्या बाजूवर लावले आणि लिहिलं, 'तिरकी पट्टी अजून तशीच आहे.'

निंगचा हात पत्त्यांच्या पेटीवर थांबला. फक्त एक क्षण. मग ती कॅमेऱ्यात बघून, गिऱ्हाइकांशी बोलतात तसं गोड हसून म्हणाली, "थोडा धीर धरा, सर. माझी बदली येतेच आहे."

मेडिंग तशीच तुमच्याकडे धावली. फोन तुमच्या नाकासमोर धरला. तुम्ही जांभई दिलीत, पण गेलात, तेवढं मानायला हवं. दोन माणसं घेऊन वर गेलात, तिला मात्र वर जाऊ दिलं नाहीत. ती फाटकाशी उभी राहून फोनमध्ये बघत होती. अकरा मिनिटांनी निंगची पाठ एकदम ताठ झाली. हनुवटी वर, कोपर आत. टेबलाजवळून साहेब जात असला की मुली बसतात तशी. तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकली, कुणीतरी समोरून चालत जावं तशी. मग पाठ पुन्हा सैल झाली.

तुम्ही खाली आलात. "वीज नाही, माणूस नाही, टेबलावर प्लास्टिक आणि धूळ," म्हणालात. "बाई, घरी जा आणि औषध घ्या."

मेडिंग घरी गेली. गणवेश काढला, इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गाडीवर गेली आणि दोन तुरोन घेतले. "गरम दे रे. चामड्याचं नको." कागदी पिशवी हातात धरून ती इमारतीच्या मागं गेली. मुली सिगारेट ओढायला उतरायच्या तो लोखंडी जिना तिथं होता. पुढच्या दाराला तुम्ही सात शिक्के मारलेत. मागच्या दाराला एकही नाही. कुया डोल्फोनं तिला बघितलं आणि तो पाठ फिरवून भात खात बसला.

सहा मजले ती धावतच चढली. तिला भीती वाटत नव्हती. दम लागला होता, कान गरम झाले होते, तोंडात हसू मावत नव्हतं. पोरगी वर आहे. एवढंच.

आत काळोख. फोनच्या उजेडात टेबलं दिसली, पांढऱ्या प्लास्टिकखाली. एक, दोन, तीन, पाच. चार नंबर अशुभ म्हणून ठेवतच नाहीत. सहा. सात.

खोलीत कुणी नव्हतं. सगळीकडे बोटभर धूळ होती.

सात नंबरच्या खुर्चीवर मात्र धूळ नव्हती.

मेडिंगनं बैठकीला हात लावला. गरम होती.

फोनमध्ये मात्र टेबल हिरवंगार उजळलेलं होतं. निंग पत्ते वाटत होती. नऊ हजार माणसं बघत होती. मेडिंग खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. फोनमध्ये निंगच्या मागं कुणी दिसत नव्हतं.

तिनं उजवा हात पुढं केला. काळोखात, खांदा असायला हवा तिथं.

दोन बोटं टेकवली.

बोटांना कापड लागलं.

फोनमध्ये निंगच्या खांद्यावर दोन बोटं दिसली. एका नखाला साखर लागली होती.

निंगनं टाळी वाजवली. तळवे दाखवले, उलटे, सुलटे. उठून वळली, आणि दिवे लागल्यासारखी मेडिंगसमोर उभी राहिली. सबंध, घामेजलेली, कपाळाला आठी.

"काय गं मनांग! तीन मिनिटं उशीर! माझी मान अवघडली."

मेडिंगनं बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"अगं, लिपस्टिक पुसेल! तुरोन आणलंस का?"

"आणलंय. गरम आहे."

निंग पिशवी घेऊन दाराकडे निघाली. चार पावलं गेली. पाचवं पाऊल उचललं आणि तसंच राहिलं. फोनमध्ये रिकामी खुर्ची दिसत होती. 'वाटणारी कुठंय?' 'टेबल रिकामं!' 'अरे बसा कुणीतरी!' संदेशांचा पूर आला होता.

निंगची मान हळूहळू मागं वळली. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. एक पाऊल मागं आली. मग दुसरं.

मेडिंगला पळता आलं असतं. बहिणीला ओढत नेता आलं असतं, निदान प्रयत्न करता आला असता. पण नियम तिनंच निंगला शिकवला होता. आणि पाळी तिचीच होती. पंचेचाळीस दिवस तिचीच होती.

"थांब तिथंच," ती म्हणाली. "जा खाली. तुरोन गार होतंय."

आणि खुर्चीत बसली.

जिन्यावरून निंग उतरली ती पहिलं तुरोन संपवतच. कुया डोल्फो भाताचा घास तोंडात धरून बघत राहिला. मग त्यानं हातातल्या फोनकडे बघितलं. सोनेरी माशांसमोर मेडिंग बसली होती. तिनं टाळी वाजवली, तळवे दाखवले आणि पहिला पत्ता काढला.

निंग त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आली. तुम्ही म्हणालात, हरवलेली सापडली, प्रकरण मिटलं. ती म्हणाली, माझी बहीण वर आहे. तुम्ही म्हणालात, गेली असेल एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर. वाक्य तरी बदलायचंत. आणि दुसऱ्या दिवशी, इमारतीत चोर शिरतात म्हणून, मागच्या दाराला लोखंडी पट्ट्या मारून वेल्डिंग केलंत.

निंग रोज सकाळी अकरा वाजता इस्त्रीचा गणवेश घालून त्या फाटकाशी उभी राहते. दोन बोटं टेकवायला किती वेळ लागतो? तुमचा चहाही गार होणार नाही. निंगनंतर कोण बसणार, हे तिला विचारू नका. ती म्हणते, ते आमचं आम्ही बघू, वीस-वीस मिनिटं वाटून घेऊ. ज्या दोनशे अकरा जणांना तुम्ही खाली उतरवलंत, त्यांतल्या साठजणींनी नावं दिली आहेत. यादी तुमच्या टेबलावर तीन आठवडे पडून आहे.

पहिले काही दिवस मेडिंग दर वीस मिनिटांनी मान किंचित उजवीकडे वळवायची. खांद्याकडे बघायची, मग पुढचा पत्ता काढायची. नऊ हजारांचे आता चाळीस हजार बघणारे झालेत, हवं तर त्यांना विचारा.

परवापासून ती मान वळवत नाही.

दार कधी उघडताय? उत्तर द्या.