बटणाखालचा डोळा

ताईने लोकरीच्या हत्तीच्या पोटात कापसाचा शेवटचा बोळा कोंबला, उरलेले सहा टाके क्रोशाच्या सुईने ओढून पोट बंद केले, आणि मान वर केली तर दारात धाकटी उभी! पाच वर्षांनी... हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले, आणि आल्या आल्या तिने विचारले ते "कशी आहेस" असेसुद्धा नव्हते.

"ताई, त्या सशाला बटणं कोणी लावली होती?"

ताईचे हात थांबले. आतल्या खोलीत आई खुर्चीत बसली होती. आईची नजर जवळजवळ गेली होती, कान मात्र चांगलेच तिखट होते.

"हळू बोल," ताई म्हणाली. "मीच लावली होती. तेव्हाच सांगितलं ना तुला."

हो, सांगितले होते. धाकटीची लेक दोन वर्षांची झाली तेव्हा ताईने तिच्यासाठी गडद तपकिरी ससा विणला होता. लहान मुलाच्या खेळण्याला बटण लावायचे नाही, डोळे काळ्या लोकरीने भरायचे, हा तिचा नेम. धाकटीच्या शिक्षणासाठी तिने स्वतःचे लग्न हसत सोडून दिले होते, पण हा नेम कधी सोडला नाही. ती कामावर गेली असताना आईने तो ससा हातात घेतला. आईला तेव्हाच धूसर दिसू लागले होते, तपकिरीवरचे काळे डोळे तिला दिसलेच नाहीत. 'वेंधळी माझी पोर, डोळेच विसरली,' असे म्हणत त्या माउलीने, जिने चाळीस वर्षे साऱ्या गल्लीचे कपडे शिवले होते, आपल्या डब्यातली दोन बटणे सशाला लावली आणि पार्सल शेजाऱ्यांकरवी रवानाही करून टाकले. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने ताईला सांगितलेसुद्धा! ताईने त्याच क्षणी धाकटीला फोन करायला हवा होता. पण तिला वाटले, आईच्या हातचे बटण आहे, फ्रॉक फाटेल पण ते निघायचे नाही...

महिन्याभरात ते निघाले आणि पोरीच्या श्वासनलिकेत जाऊन अडकले. तीन दिवस घरादाराचा जीव टांगणीला लागला. पोर वाचली; पण "तुला मूल नाही, तुला काय कळणार," हे धाकटीचे फोनवरचे वाक्य ताईच्या जिव्हारी लागले ते लागलेच. तिने सगळे खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतले आणि एकच मागणे मागितले, की आईला यातले काही सांगू नकोस. धाकटीला वाटले, ही आपले पाप झाकते आहे. नातीला न्यूमोनिया झाला असे आईला सांगण्यात आले, आणि बहिणींचे का बिनसले याचे कारण ताईनेच पुरवले: 'मी तिला नको ते बोलले.' तेव्हापासून आईही उठता-बसता म्हणे, "जीभ जरा आवरली असतीस, तर माझी नात या घरात खेळली असती." आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद मागायची तरी कोणाकडे!

धाकटीने पिशवीतून एका बटणाचा ससा काढला.

"त्या दिवशी मी हा पेटीत फेकला, परत बघितलासुद्धा नाही. काल पोरीला सापडला. म्हणते, आई, याच्या बटणाखाली अजून एक डोळा आहे." तिने उरलेले बटण बोटाने वर उचलले. खाली ताईने भरलेला काळा डोळा तसाच होता. "भरलेल्या डोळ्यावर बटण कोण लावेल गं? ज्याला तो दिसलाच नाही, तोच ना? आणि बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे. माझे सगळे फ्रॉक असेच असायचे."

ताईने त्या काळ्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बटणं लावलीत हे मला ठाऊक होतं. मी तुला कळवायला हवं होतं. तेवढा दोष माझाच."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा तिला पेलणार नाही."

"मी सांगणार आईला. मी तुला तोडलं, वर ती तुलाच बोलते..."

ताईने तिचा हात धरला. "पाच वर्षं पोटात ठेवलंय, आता तू ते तिच्या पुढ्यात ओतू नकोस. उरलेलं आयुष्य ती नातीचा कोंडलेला श्वास ऐकत काढेल."

"कोण आलंय?" आतून आईचा आवाज आला. "धाकटी का गं?"

दोघी आत गेल्या. आईने हवेत हात फिरवून धाकटीचा चेहरा शोधला, कुरवाळला, आणि पहिला प्रश्न केला, "मागितली का हिनं तुझी माफी, शेवटी?"

धाकटी आईच्या पायाशी बसली.

"माफी मागायला मी आलेय, आई. ताई मला काहीच बोलली नव्हती. नको ते बोलले ती मी. आणि ती तुझ्यापाशी ते स्वतःवर घेत राहिली."

एवढेच. एक अक्षर जास्त नाही, की एक खोटे नाही.

"अगं, मग मी पाच वर्षं या पोरीला..." आईने ताईसाठी हात पुढे केला, तर हाताला आधी लागला तिच्या हातातला हत्तीच. रडता रडता तिची बोटे त्याच्या सोंडेवरून, कानांवरून फिरली आणि चेहऱ्यावर थांबली.

"याला डोळे नाहीत. आण माझा डबा, मी लावते बटणं. एवढं तरी करू दे मला तुझं."

"हत्ती शेजारच्या तान्ह्या बाळासाठी आहे," ताई एवढेच म्हणाली.

धाकटी उठली. तिने डबा आणला, सुईत दोरा ओवला. "लाव, आई. हा हत्ती माझ्या लेकीला हवाय, सात वर्षांची घोडी झालीय आता. शेजारच्या बाळाला ताई दुसरा विणेल."

आई चाचपत टाके घालू लागली. धाकटी बोट लावून प्रत्येक टाका तपासत होती. एकदा सुई नुसतीच वरून निसटली, तेव्हा तिने काही न बोलता आईची बोटे हलकेच वळवून ती लोकरीत घातली. ताई भिंतीला टेकून पाहत राहिली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिने डोळ्यांतले पाणी पुसले नाही.

"झालं का गं घट्ट?" आईने विचारले.

"झालं," म्हणत धाकटीने ते बटण दोनदा ओढून पाहिले, आणि दुसरे आईच्या तळहातावर ठेवले.