तिसरा टोला

सेवेरिननं बेकरी मुलीच्या हाती सोपवली, तेव्हा पहिला महिनाभर त्याला झोपच लागेना. आयुष्यभर पहाटे भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. पिठाविना हात मोकळे पडले की काय होतं, ते तो स्वयंपाकघरात बसून बघत राहायचा. मग एकदा जेवताना म्हणाला, "बुर्गी, डॅन्यूबच्या काठानं सायकलवर जाऊ. पासाउपासून थेट व्हिएन्नापर्यंत. लोक कुठून कुठून येतात त्यासाठी, आणि आपण इथले असून पाव भाजत बसलो."

लग्न झाल्यापासूनची ती आमची पहिली सुट्टी.

माझा जन्म औषधांच्या दुकानात वजनकाट्यापुढे गेला. अंदाजे बोलायची सवय मला नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

सप्टेंबर होता. काठाला आलुबुखाराची झाडं फळांनी वाकलेली, पाणी हिरवट आणि मंद, वाऱ्याला काठावरच्या ओल्या वाळुंजाच्या झाडांचा वास. आमच्या चर्चमधले फादर उपदेश करता करता मध्येच गाऊ लागतात आणि सगळी मंडळी त्यांच्यामागे ध्रुवपद धरतात. आम्ही दोघं तिथले जुने गाणारे. सायकलवरही तेच चाललं होतं. सेवेरिननं भरदार खर्जात ओळ उचलायची, मी वरून ध्रुवपद धरायचं. चढावर त्याचा श्वास तुटला की म्हणायचा, "ही ओळ देवाला माहीत आहे, पुढची घे."

दुपारनंतर डोंगर थेट पाण्यात उतरला आणि वाट संपली. तिथून पलीकडे जायला होडी. खांबाला पितळी घंटा टांगलेली होती. जितकी माणसं तितके टोले द्यायचे. दोघांना लहान होडी येते, जास्त असतील तर रुंद. मी नदीकाठची. आमच्याकडे मुलांना बोलता यायच्या आधी शिकवतात की आपल्या सोबत असेल त्याच्यापुरतीच घंटा वाजवावी. सेवेरिन डोंगरातला. त्याला हे सांगायला हवं, असं मला सुचलंच नाही.

बाकावर एक म्हातारा बसला होता. अंगात रविवारचा कोट, टोपी गुडघ्यांवर. त्याचे बूट घोट्यापर्यंत भिजून काळे पडले होते. सेवेरिननं त्याला नमस्कार करून विचारलं, "आजोबा, पलीकडे यायचंय का?"

म्हाताऱ्यानं घंटेकडे पाहिलं. "माझ्यासाठी कुणी वाजवत नाही," एवढंच म्हणाला.

मी पिशवीचा पट्टा आवळत होते. मान वर करेपर्यंत सेवेरिनचा तिसरा टोला पाण्यावरून पलीकडे पोचला होता.

रुंद होडी आली. होडीवाली वाल्ली आमच्या मुलीच्या वयाची, दंडानं दणकट. तिनं आम्हाला पाहिलं, मग बाकाकडे. बाक रिकामा होता. लाकडावर ओला डाग होता.

"तिसरं कोण?"

"आजोबा आडोशाला गेले असतील," सेवेरिन म्हणाला. "आमच्या वयात ते सारखंच लागतं."

वाल्ली हसली नाही. ज्याच्यासाठी टोला वाजला त्याला न्यावं लागतं, म्हणाली. समोरची बसायची फळी तिनं मोकळी सोडली आणि होडी लोटली. होडी त्या मोकळ्या बाजूला कलली होती. सेवेरिन माझ्या कानाशी म्हणाला, "गोळे जरा कमी खात जा, बुर्गी."

त्या संध्याकाळी नदीकाठच्या खानावळीत गोळेच होते. बटाट्याच्या पिठात अख्खं आलुबुखार घालून उकडलेले, वरून भाजलेला पावाचा चुरा आणि साखर. मालकीणबाईंनी तीन ताटल्या मांडल्या. आम्ही दोघंच म्हटल्यावर त्या ओशाळल्या. खिडकीतून तिघांना येताना पाहिल्यासारखं वाटलं म्हणाल्या. सेवेरिननं नेहमीप्रमाणे फळांच्या बिया ताटलीच्या काठावर ओळीनं लावल्या, भट्टीत पाव लावावेत तशा, एकीला दुसरी न चिकटता. सकाळी तिसऱ्या खुर्चीखालची फरशी ओली होती.

दुसऱ्या दिवशी सपाटीचा रस्ता लागला. सेवेरिननं ओळ घेतली, मी ध्रुवपद धरलं, आणि आमच्या मागून आणखी एक आवाज आला. सेवेरिनच्याच पट्टीत, त्याच्याही खालून. आम्ही दोघंही गप्प झालो.

मागच्या आवाजानं ओळ पुरी केली.

"घुमतंय," सेवेरिन म्हणाला. "डोंगर आहेत ना." दोन्ही बाजूंना मक्याची सपाट शेतं होती.

त्या दिवशीच्या मुक्कामी दोनच ताटल्या आल्या. एक माझ्यापुढे, एक माझ्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे. सेवेरिन उजवीकडे बसला होता. "आणि मला काय, घोड्यासारखा चंदीचा तोबरा बांधणार?" असं त्यानं वाढणाऱ्या मुलीला विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "काका मोठे गमतीदार आहेत, काकू."

मी आणखी एक ताटली मागितली. तिनं आणली, माझ्यापुढे ठेवली, आणि जाता जाता मी वेडी असल्यासारखं मला न्याहाळलं. सेवेरिननं ती स्वतःपुढे ओढली आणि जेवला. त्याचा हात मी टेबलाखाली धरून ठेवला होता. गरम होता, जडसुद्धा होता. बेकरीवाल्याचा हात.

रविवारी एका गावच्या चर्चमध्ये थांबलो. तिथल्या वेदीपुढे आम्ही शेजारी गुडघे टेकले. फादरांनी पवित्र भाकर माझ्या हातावर ठेवली. मग माझ्या डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे त्यांनी हात पुढे केला. हात मागे आला तेव्हा बोटं रिकामी होती. जमिनीवर काही पडलेलं नव्हतं.

सेवेरिनसमोरून ते पुढच्या माणसाकडे गेले.

त्याचे तळवे तसेच एकावर एक उघडे राहिले. लोक उठून जागेवर गेले तरी त्यानं ते खाली घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "देवानंही मला पाहिलं नाही गं."

देवाची नजर चुकत नाही, फादरांची चुकली, असं मी म्हणाले. मी ते मानते. आजही मानते. घरी मुलीला फोन लावला. त्यानं बोलून पाहिलं, मग फोन माझ्याकडे दिला. मुलगी म्हणत होती की आवाज येत नाही; मग एकदम हसून म्हणाली, "हां, आता आले बाबा." आणि ती बाबांशी बोलत राहिली. सेवेरिन माझ्यासमोर ओठ मिटून उभा होता.

व्हिएन्नाला न जाताच आम्ही आगगाडीनं पासाउला परतलो आणि त्याच वाटेनं पुन्हा त्या घंटेपाशी आलो. चूक जिथे झाली तिथेच ती सुटेल, यापलीकडे माझं डोकं चालत नव्हतं. बाकावर कुणी नव्हतं. घंटा मी स्वतः वाजवली. एक माझा टोला, एक त्याचा. मध्ये नीट थांबून.

लहान होडी आली.

मला सायकल चढवता येईना म्हणून सेवेरिन पाण्यात उतरला आणि त्यानं होडी धरली. मी आत गेले. वाल्ली माझ्या डावीकडे बघून म्हणाली, "सरकून बसा, काका," आणि वल्हं रोवलं.

"थांब, तो तिकडे आहे," मी म्हणाले.

"इथेच तर आहेत, काकू. तुमच्या शेजारी."

होडी काठापासून सुटली होती. मी उठले तशी ती गचकन कलली आणि वाल्लीनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. सेवेरिननं धावत यायला पाऊल टाकलं, आणि पाणी मांड्यांना लागताच थांबला. त्याला पोहता येत नाही. डोंगरातला.

तो काठावर परत गेला.

मालाचं एक लांब जहाज मधून गेलं. ते सरेपर्यंत आम्ही पलीकडे लागलो होतो. सेवेरिन बाकावर बसला होता. सायकलचं हेल्मेट काढून त्यानं गुडघ्यांवर ठेवलं होतं. बूट घोट्यापर्यंत काळे दिसत होते.

मी वाल्लीला परत न्यायला विनवत होते, तेवढ्यात त्या काठाला दोन सायकली येऊन थांबल्या. एक तरुण जोडपं. मुलगा वाकून सेवेरिनशी काही बोलला. सेवेरिननं घंटेकडे पाहिलं.

मी ओरडले. नदीनं आवाज तिकडे नेला नाही.

एक टोला. दुसरा. मग जरा विचार करून, मायेनं दिल्यासारखा, तिसरा.

वाल्ली रुंद होडी घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्यात ते दोघंच होते, आणि होडी समोरच्या मोकळ्या फळीकडे कलली होती. मी त्या फळीकडे पाहिलं. मला तिथे काहीच दिसलं नाही. माझा लग्नाचा नवरा, आणि मलाही दिसला नाही.

मी त्या जोडप्याला सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलीनं मला पाणीही दिलं. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, काका तर तुमच्या जवळच उभे आहेत."

मी त्यांच्या मागोमाग सायकल हाकत त्याच खानावळीत गेले. त्यांच्या टेबलावर मालकीणबाईंनी तीन ताटल्या मांडल्या आणि पुन्हा ओशाळल्या. तरुण हसत होता. तिसरी ताटली असू दे, मला दुप्पट भूक आहे, म्हणत होता. दाराशी लावलेल्या त्याच्या सायकलच्या टोपलीत लहान मुलाचे नवे मोजे होते. माझ्या टेबलावर दोन ताटल्या आल्या. मी मागितल्या नव्हत्या.

ती दोघं उठून गेल्यावर मी तिथे जाऊन पाहिलं. तिसऱ्या ताटलीतले गोळे संपले होते. काठावर बिया ओळीनं लावल्या होत्या, एकीला दुसरी न चिकटता.

मी तिथे हात ठेवला. काठ अजून कोमट होता.

मग माझ्या टेबलाशी परत आले. माझ्या डावीकडच्या ताटलीतही बिया होत्या, पण चुऱ्यात कशाही विखुरलेल्या, ओल्या. मी बघत असताना त्यांतली एक हलली, आणि सावकाश, चुकत चुकत, काठावर जाऊन बसली.