निळ्या कागदातली साखर

ती २००३ सालची गोष्ट. इटलीतल्या तुरीन शहराच्या सान साल्वारियो वस्तीत तेव्हा नुकत्याच नव्या धाटणीच्या खानावळी आणि दारूचे ठेले उघडू लागले होते. जुनी बिऱ्हाडं भाडं वाढल्याची कुरकुर करत होती, पण हलत नव्हती. अल्लालचं मोरोक्कन खाण्याचं हॉटेल तळमजल्यावर होतं आणि त्याचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. मधल्या चौकाभोवती सामाईक गॅलरी फिरलेली होती, त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय हे कोणापासून लपत नसे.

त्या ऑक्टोबरात समोरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. दारावरच्या पाटीवर नाव होतं झुहैर. अल्लालने ते वाचलं आणि आपल्यातलाच दिसतो म्हणून शुक्रवारी त्याच्याकडे कुसकुसचा, वाफवलेल्या जाड रव्याचा, वाडगा पाठवायला सांगितलं. वाडगा घेऊन गेली सिहाम, अल्लालची एकुलती एक मुलगी. हॉटेलचं गिऱ्हाईक तीच सांभाळायची.

दार उघडलं तेव्हा त्याने एका डोळ्यापुढे भिंग धरलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा, घरीही तेच चाललेलं. भिंगामागचा तो मोठा दिसणारा डोळा तिच्याकडे बघत राहिला... आणि सिहामला हसू आवरेना.

शनिवारी वाडगा परत आला. घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामा.

“रिकामं भांडं परत करतात का?” तिची आई रकिया म्हणाली. “आईने काही शिकवलेलं दिसत नाही.”

आईने शिकवलं नव्हतं हे खरंच होतं. झुहैरचा बाप मोरोक्कोचा, पण पोरगा रांगत असतानाच तो वारला. वाढवलं ते इटालियन आईने, लांघेच्या डोंगरातल्या एका खेड्यात. नावापलीकडे बापाकडचं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. हे सगळं सिहामला गॅलरीत कपडे वाळत घालता घालता कळलं. तिने ते घरी सांगितलं नाही. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“तुमच्या नावाने आम्हाला फसवलं,” ती त्याला म्हणाली. “वाडग्यात काहीतरी घालून द्यायचं असतं.”

“काय घालू?”

“ते मी सांगितलं तर काय मजा?”

मग दर आठवड्याला वाडगा भरून येऊ लागला. कधी त्याच्या आईच्या झाडाचे हेझलनट, कधी नासपती, एकदा तर नुसती जांभळी फुलं. रकियाने ती फुलं शिजवायची की काय म्हणून विचारलं. हिवाळा गेला, धुकं गेलं, तुम्हीचं तू झालं. वाडगा मात्र सिहामच नेई आणि झुहैरच परत आणी.

पुढच्या शरदात वाडग्यात काय भरावं ते झुहैरला सुचेनासं झालं. बाजारात मोरोक्कन वाण्याकडे निळ्या कागदात गुंडाळलेली शंकूसारखी साखरेची ढेप दिसली. सिहामच्या हॉटेलात चहाला हीच फोडतात, हे त्याने पाहिलं होतं. कोणाच्या घरी जातोयस, असं वाण्याने विचारलं. याने अल्लालचं नाव सांगितलं. वाण्याने आपणहून खजूर आणि दुधाची बाटली जोडून दिली, वर पाठ थोपटली. वाणी फार प्रेमळ आहे, एवढंच झुहैरला वाटलं.

त्या दिवशी तो मामेभावाच्या पोराच्या नामकरणाहून आला होता, अंगात कोटही होता. त्याने सगळं अल्लालच्या पुढ्यात ठेवलं. अल्लाल उठून उभाच राहिला. त्याने हळूच खुर्ची ओढून दिली आणि घरचं कोणी का नाही आलं, असं विचारलं.

“आई गावी असते,” झुहैर म्हणाला. “तिचे गुडघे दुखतात.”

“मग आम्ही येऊ,” अल्लाल म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात रकियाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. सिहामला सगळं एका क्षणात उमगलं, आणि झुहैरला काहीच उमगलेलं नाही हेही. तो गेल्यावर अल्लाल मुलीला म्हणाला, “तू हो म्हण, मग ढेप फोडतो. नको असेल तर परत पाठवू. घाई नाही.”

तिला हो म्हणायचं होतं. गेले कित्येक शुक्रवार म्हणायचं होतं. पण त्याला न कळता त्याचा होकार कसा घ्यायचा? आणि सांगावं तर तो घाबरून हे घरच सोडून जायचा.

दिवेलागणीला ती गॅलरीतून त्याच्या दाराशी गेली.

“तू काय आणलंस, माहीत आहे?”

“साखर. वाडगा रिकामा नको म्हणून.”

“साखर, दूध, खजूर... आमच्यात हे घेऊन मुलीला मागणी घालायला येतात.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणून तुझे बाबा माझ्या आईकडे यायला निघाले...”

“मी बाबांना सांगते, चूक झाली म्हणून.”

“मग?”

“मग साखर परत येईल. वाडगाही बंद होईल. बाबा तुला काही बोलायचे नाहीत, तेच वाईट.”

तो गॅलरीच्या कठड्याशी आला. खाली चौकात कोणीतरी सायकल लावत होतं.

“चूक झाली असं सांगू नकोस,” तो म्हणाला. “अडाणीपणा झाला, असं सांग. सगळं वर्ष काय भरू, काय भरू म्हणून बाजार पालथा घातला, तो काय तुझ्या आईसाठी?”

“सरळ बोल.”

“सरळच बोलतोय. साखर परत घ्यायची नाहीये मला.”

दुसऱ्या दिवशी तिने बापाला हो म्हटलं. झुहैरने उत्साहाने हातोडी मागितली आणि ढेप स्वतःच फोडली. ते काम नवऱ्यामुलाचं नव्हे. तुकडे टेबलाखाली गेले, गिऱ्हाइकांच्या ताटांत गेले. अल्लाल वाकून ते वेचत राहिला. वेचताना तो हसत होता.

अल्लाल पुढे सात-आठ वर्षांनी गेला. रकिया मोरोक्कोत बेनी मेल्लालला बहिणीकडे राहायला गेली. झुहैरची आई त्याआधी एकदा येऊन गेली होती. दोघी विहिणींना एकमेकींची भाषा येत नव्हती, दोघी हेझलनट फोडत बसल्या होत्या. वाण्याने दुकान विकलं. हॉटेलच्या जागी आता महागड्या कॉफीचं दुकान आहे. झुहैरचं स्वतःचं चष्म्याचं दुकान झालं, आणि त्याला जवळचं दिसेनासं झालंय.

तिसऱ्या मजल्यावर सिहाम त्याच्यासोबत अजून राहते. आजूबाजूच्या खोल्यांत आठवड्याच्या बोलीने पाहुणे येतात, जातात. शुक्रवारी ती कोणाच्या तरी दारी वाडगा पाठवते. तो बहुतेकदा रिकामाच परत येतो, घासूनपुसून. सिहाम तो ओट्यावर ठेवते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा भरते.